हौसेराव आणि रायफलची पिशवी

नीट न बांधलेलं ओझं दिसलं की हौसेराव पिसाळांच्या कपाळाची शीर उठायची. ओझं कुणाचं आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असले प्रश्न त्यांना पडत नसत. लग्नाला गेले तर नवरीच्या आधी रुखवताकडे बघत आणि "ही कळशी वर कुनी ठिवली? टेंपोत पयली हीच लवंडनार," असं वरमाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत नवीन बिऱ्हाड आलं की ते गॅलरीत उभे राहत, आणि कुणी कपाट उलटं चढवताना दिसलं की अनवाणीच खाली उतरत. बिऱ्हाडकरूंना मदत मिळे, पण तिच्याबरोबर बोलणीही खावी लागत.

वाशीच्या मसाला मार्केटात ते मिरचीच्या गाळ्यावरच्या टोळीत होते. वाईकडचं गाव सोडून आले तेव्हा बाजार मशीद बंदरला होता. बाजार खाडी ओलांडून इकडे आला, तसे तेही बायको आणि लहानगी पोर घेऊन इकडे आले. कुठल्या वस्तूला कुठली पिशवी आणि कुठल्या ओझ्याला कुठला खांदा, हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. ती पुष्कळदा खरी निघायची, म्हणून तर जास्तच पक्की झाली होती.

या समजुतीपायीच त्यांचं वसाहतीतल्या भजनी मंडळाशी फाटलं. मंडळ घणसोलीला भजनाला निघालं होतं. जोतीराम वीणेकऱ्यांनी पेटी टेंपोत चढवली आणि तिला वीणा टेकवून ठेवली. हौसेराव म्हणाले, "जोतीराम, वीना ही टेकवायची वस्तू हाय व्हय? उद्या म्हातारीला गोनीवर बसवशील."

जोतीराम बटाट्याच्या बाजारात मुकादम होते, त्यांनाही शब्द झेलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "हौसेराव, मिरचीच्या पोत्याला अक्कल शिकव. वीनेला नको."

तेवढ्यावरून हौसेरावांनी भजन सोडलं. त्याआधी कुठल्याही गावाला जायचं झालं तरी वीणा गवसणीत घालून पाठीवर न्यायचं काम त्यांच्याकडे असे. ते गेल्यावर वीणा टेंपोतूनच जाऊ लागली. तिचा भोपळा अजून फुटला नव्हता, याचंही हौसेरावांना मनातून वाईट वाटत असे.

तर अशा माणसाच्या घरात पिशवीवरून अडून बसायची वेळ आली.

मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. वाशीच्या कॉलेजात शिकत होती. एनसीसीत गेली, तिथं बंदूक हातात आली आणि तिचा नेम बरा आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं. नेरूळला एका शाळेच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये नंदकिशोर सर छऱ्याच्या रायफलीची रेंज चालवत. दहा मीटरवर कागद लावायचा आणि कागदावरच्या काळ्या ठिपक्यात छरा घालायचा, एवढाच खेळ. हौसेराव एकदा बघायला गेले आणि दुपारभर बसून कंटाळून आले. "पोरगी निसती हुबी ऱ्हाती," त्यांनी बायकोला सांगितलं. "पन हुबी अशी ऱ्हाती, की अंगावरची माशी बी म्हनल हा खांबच हाय."

प्रेमला म्हणाली, "तुमच्यावर न्हाई गेली म्हनायची."

एप्रिलमध्ये पुण्याला राज्य स्पर्धा होती आणि ज्ञानेश्वरीचं नाव त्यात आलं. रेंजवर एकच चांगली रायफल होती, जर्मन, तीही सरांनी कुणाकडून तरी जुनी मिळवलेली. ती रेंजच्या बाहेर कधी गेली नव्हती. सर म्हणाले, "नेऊ देतो, पण नीट पिशवी पाहिजे. आतून मऊ, बाहेरून टणक. रायफल आत हलता कामा नये आणि नेम धरायच्या मागच्या साइटला कशाचाही धक्का लागता कामा नये. जीप खचाखच भरणार आहे. साइट केसाएवढी सरकली तर तिकडे छरा दुसऱ्या गावाला जाईल."

"आणि पिशवी नाही मिळाली तर, सर?"

"तर रायफल कपाटात राहील. तिथली कुणाची तरी मागून घ्यावी लागेल, आणि त्यांचे दस्ते लांब असतात, तुझ्या खांद्याला बसणार नाहीत. तसं जायचं असेल तर न गेलेलं बरं. शनिवारी संध्याकाळपर्यंत पिशवी आणून दाखव."

ज्ञानेश्वरीनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा हौसेराव भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून हसले. "एवढंच ना? पिशवीच ना? सगळ्या जगाची पिशवी मी पाठीवर वाह्यली."

तिथून पुढच्या कटकटीला सुरुवात झाली.

रायफल रेंजबाहेर न्यायची नव्हती, म्हणून माप कसं न्यायचं हा प्रश्न पडला. ज्ञानेश्वरीनं पडद्याची एक दांडी रायफलीच्या लांबीची कापून घेतली. दस्त्याच्या जागी तिला जाड फडकं गुंडाळलं आणि साइट येते तिथं आईचं जुनं अंबाड्याचं गंगावन बांधलं. ही दांडी घेऊन बापलेक वाशीच्या दुकानांतून फिरू लागले. दुकानदार आधी दांडीकडे बघत आणि मग बापाकडे.

पहिल्या दुकानात क्रिकेटची बॅग दाखवली. दांडी तिच्यात टाकल्यावर विहिरीत काठी टाकावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडली. "हिच्यात आमची पोरगी बी झोपंल," हौसेराव म्हणाले. दुसऱ्या दुकानात बॅडमिंटनची निघाली. तिच्यातून दांडी हातभर बाहेर राहिली. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "नक्की ठेवायचंय काय, काका?"

"रायफल."

दुकानदार जरा मागं सरकला. "असली?"

"हवंची हाय. खेळाची."

"मग तसं सांगा ना. हे नाव घेऊन दुकानात उभं राहायचं म्हणजे आजकाल..." तो वाक्य पुरं न करता आत गेला आणि हॉकीची एक लांब बॅग घेऊन आला. निळ्या रंगाची, आत फोमचा थर, बाजूला छऱ्याच्या डब्या आणि हातमोजा मावेल असा खण. दांडी आत गेली आणि गप बसली. ज्ञानेश्वरीनं बॅग हलवून बघितली, कानाशी धरून बघितली.

"आप्पा, हीच. परफेक्ट आहे."

हौसेरावांनी बॅग उचलली, पट्टा बोटांनी चाचपला आणि त्यांची शीर उठली. "ह्यो पट्टा बघ कुठं शिवलाय. टोकाला. वजन कुठं हाय? मागं हाय. म्हंजे चालताना नळी खाली जानार आन दस्ता डोसक्यावर टकटक करनार. कुनी शिवली ही? ज्यानं शिवली त्यानं जल्मात कधी पाटीवर काय घेतलंय का?"

"काका, कंपनीतून शिवून येते," दुकानदार म्हणाला.

"कंपनीला सांगा माझ्याकडं या."

"आप्पा, पट्टा चालेल मला. मी डाव्या खांद्यावर टाकणार आहे."

"डाव्या? ओझं उजव्या खांद्यावर घ्यायचं. उजवा पाय जोरात असतो मानसाचा."

"उजव्या खांद्यावर रायफल टेकते ना, आप्पा. तो खांदा दुखून चालत नाही. सर सांगतात, उजव्या हातानं पाण्याची बादलीपण उचलू नको."

"सरांनी कंदी पोतं उचाललंय?"

त्यावर ज्ञानेश्वरी गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ हौसेरावांना नेहमीच उलटा लागायचा. आपलं पटलं, असं समजून त्यांनी बॅग परत केली आणि दांडी खांद्यावर टाकून ते दुकानाच्या पायऱ्या उतरले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "शनिवार लांब नाहीये, आप्पा."

"दुकानातलं सगळं दिखाव्याचं. मी बनवतो."

घरी प्रेमलानं विचारलं, "मिळाली?"

"आप्पांना पट्टा आवडला नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि आत जाऊन अभ्यासाला बसली.

प्रेमला नवऱ्याकडे बघत राहिली. लग्न ठरताना हा माणूस बघायला आला आणि पोह्याची बशी हातात घ्यायच्या आधी "ही माळ्यावरची उतरंड पडंल" म्हणाला होता, ते तिला आठवलं. उतरंड अजून पडलेली नव्हती. "अवं, पोरीला बंदूक न्यायचीया," ती म्हणाली. "तुमाला पट्ट्याची परीक्षा द्यायची न्हाई."

"तू बघच."

मग हौसेराव कामाला लागले. गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या दिनानाथ मेहताजींकडून त्यांनी उत्तम बारदान मागून घेतलं. ब्याडगी मिरची आलेलं, घट्ट विणीचं, एकही भोक नसलेलं. "नवंच हाय बघा," मेहताजी म्हणाले, "एकदाच भरलंय." हौसेरावांनी ते वसाहतीच्या गच्चीवर नेऊन काठीनं झोडपलं, उन्हात टाकलं, परत झोडपलं आणि दुहेरी घडी घातली. आत जुन्या गादीचा कापूस पसरला आणि त्यावर प्रेमलाच्या लुगड्याचं अस्तर लावलं. दाभण आणि सुतळी घेऊन, पोत्याचं तोंड शिवतात तशी पक्की टाच मारली. पट्टा मधोमध, वजनाच्या जागी. दस्त्याकडची बाजू रुंद, नळीकडची निमुळती, साइटच्या जागी कापसाची वेगळी गुंडाळी. ते मांडी घालून शिवत बसले की वाडग्यातला चहा गार व्हायचा, पण त्यांना कुणी हाक मारायची सोय नव्हती.

शुक्रवारी पिशवी तयार झाली आणि खरोखर देखणी झाली. दांडी आत गेली की निजल्या लेकरासारखी पडून राहायची. हौसेराव ती खांद्यावर टाकून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून आले. प्रेमलाला मनातून ती आवडली होती, पण ती म्हणाली, "माझं लुगडं गेलं त्याचं काय?" ज्ञानेश्वरीनं पिशवी हातात घेतली, आत हात घालून बघितला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच बापाकडे बघून हसली.

पिशवीत एक गोष्ट राहून गेली होती. ती त्या घरात कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. हौसेराव रोज अंगावर मिरची घेऊन घरी यायचे. त्यांचे कपडे मिरचीचे, टॉवेल मिरचीचा, उशीचा अभ्रासुद्धा मिरचीचा. पाहुणे आले की उंबऱ्यातच शिंकत, आणि प्रेमलाला वाटायचं की मुंबईच्या हवेनं सगळ्यांना सर्दी होते. घरातल्या तिघांची नाकं त्या वासाला केव्हाच मेली होती. गच्चीवर बारदान झोडपताना शेजारच्या दोन बायका वाळवणं गोळा करून खोकत खाली गेल्या, तेव्हाही हौसेरावांना वाटलं की ऊन फार झालं.

शनिवारी दुपारी बापलेक पिशवी घेऊन रेंजवर गेले. पत्र्याची शेड एप्रिलच्या उन्हानं तापून तव्यासारखी झाली होती. आत सहा-सात मुलं नेम धरून उभी होती. सरांनी पिशवी बाहेरून बघितली, टाच बघितली, पट्टा ओढून बघितला. "वा, हौसेराव," ते म्हणाले. "हे काम दुकानातलं नाही."

हौसेरावांनी मुलीकडे बघितलं.

सरांनी कपाटातून रायफल आणली, पिशवीचं तोंड उघडलं आणि रायफल आत सरकवली. कापूस दबला, बारदानातून हवा बाहेर आली. सरांना पहिली शिंक आली. मग दुसरी आली, आणि मग मोजायची सोय राहिली नाही. त्यांच्या शेजारचा मुलगा खोकायला लागला. त्याच्या पलीकडच्यानं नेम सोडून डोळे चोळले, आणि चोळल्यावर तर तो ओरडतच बाहेर पळाला. बघता बघता अख्खी शेड रिकामी झाली. मुलं आंब्याखाली नळाला तोंड लावून उभी राहिली, आणि सर रुमाल तोंडावर धरून पायरीवर बसले.

आत एकटी ज्ञानेश्वरी उरली. तिला काय झालं ते कळलंच नाही. रिकामी रेंज क्वचित मिळते, म्हणून तिनं रायफल पिशवीतून बाहेर काढली, छरा भरला आणि सराव चालू केला. बाहेर बसलेल्यांना ठराविक वेळानं टक, टक ऐकू येत राहिलं.

"सर," त्यांच्यामागून बाहेर आलेले हौसेराव म्हणाले, "ही पिशवी पुन्याला न्यायलाच पायजे. बाकीच्यांचं काय खरं न्हाई."

सरांचे डोळे लाल झाले होते आणि नाक वाहत होतं. त्यांना हसू आलं नाही. "हौसेराव, तुम्हाला खरंच वास येत नाही?"

"कशाचा?"

सर उठून, श्वास रोखून आत गेले आणि रायफल घेऊन बाहेर आले. मागच्या साइटच्या खाचेत बोट फिरवून त्यांनी ते हौसेरावांपुढे धरलं. बोटावर लालसर पूड होती. "ही साफ करायला मला तास लागेल. यात हिला मी पुण्याला पाठवणार नाही. मी अंधार पडेपर्यंत इथं आहे. दुसरी पिशवी आणा, नाहीतर कपाटाला कुलूप लावतो. उद्या सकाळी जीप निघते आहे."

ज्ञानेश्वरी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं नेमबाजीचं जॅकेट काढून घडी केली, दांडी उचलली आणि ती बस स्टॉपकडे चालू लागली. हौसेराव पिशवी काखोटीला मारून तिच्या मागून निघाले. बसमध्ये त्यांच्या शेजारचा माणूस शिंकला आणि उठून दुसरीकडे बसला. तेव्हा कुठे त्यांनी पिशवी नाकाशी धरली, खूप वेळ धरली, आणि तरीही त्यांना काही वास आला नाही.

वाशीच्या दुकानात हॉकीची निळी बॅग नव्हती. "परवाच गेली, काका," दुकानदार म्हणाला. "तशी एकच होती."

"कवा येनार?"

"कंपनीनं पट्टा बदलला की."

एरवी हौसेरावांनी त्याला तिथंच उभा-आडवा घेतला असता. पण ते तसेच पायऱ्या उतरले. ज्ञानेश्वरी फुटपाथवर दांडी धरून उभी होती. ती रडली नव्हती. रडली असती तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं.

"आप्पा, राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी जाईन."

"पुढच्या वर्षी काय? गप चल."

कोपरखैरण्याला उतरून ते वसाहतीकडे निघाले. वसाहतीच्या मैदानात हनुमान जयंतीचा सप्ताह चालू होता. सप्ताह बसल्यापासून हौसेराव मागच्या नाल्यावरून वळसा घालून घरी जात होते, मांडवात जोतीराम दिसू नये म्हणून. आज घाई होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. ते सरळ मैदानातून निघाले. मांडवात अखंड नाम चालू होतं. सप्ताहाचा नियमच असा की वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्यानं पहारा संपेपर्यंत उभं राहून नाम घ्यायचं.

हौसेराव थांबले. मांडवाच्या वाशावर वीणेची गवसणी टांगलेली होती, रिकामी. लाल कापडाची, आत कापूस भरलेली, भोपळ्याकडं रुंद आणि दांड्याकडं निमुळती. वीणा सात दिवस बाहेर, म्हणजे सप्ताह उठेपर्यंत गवसणीला काही काम नाही. त्यांनी ती कितीतरी गावं पाठीवर वाहिली होती. तिचं माप घ्यायला त्यांना दांडीची गरज नव्हती.

ज्ञानेश्वरीनं त्यांची नजर ओळखली. "आप्पा, नको. तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"मी कुठं बोलतोय," हौसेराव म्हणाले आणि मांडवात शिरले.

जोतीराम पहारेकऱ्यांची जुळवाजुळव करत बसले होते. माणसं कमी पडत होती. बाजारात आवक जोरात, कुणाला रजा नाही. त्यांनी मान वर केली. "या. मिरची आली वाटतं."

हौसेरावांनी पिशवी मागं लपवली. "जोतीराम, गवसनी पायजे. दोन-तीन दिस."

"कशाला?"

"पोरीच्या रायफलीला."

जोतीरामांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "देवाच्या वस्तूत बंदूक घालनार?"

"हवंची हाय."

"मारती काय ती?"

"कागूद."

"निसता कागूद?"

"निसता कागूद. त्यावर काळा ठिपका असतो. त्यातबी मदलं टिंब."

जोतीरामांनी थोडा विचार केला. "कागदाला माझी हरकत न्हाई," ते म्हणाले. "पन तू मागाय आलास म्हनून लगेच देतो असं न्हाई. मला एक सांग. वीना टेंपोत पेटीला टेकवली, तर चुकलं का?"

हौसेरावांच्या कपाळाची शीर उठली. चुकलं होतं. आजही चुकलंच होतं. त्यांनी ज्ञानेश्वरीकडे बघितलं. ती मांडवाबाहेर पाठ करून उभी होती, आणि दांडीवर बांधलेलं आईचं गंगावन वाऱ्यानं हलत होतं.

"भोपळा फुटला न्हाई ना," ते म्हणाले. "मग झालं तर."

याहून जास्त त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, हे जोतीरामांना माहीत होतं. त्यांनी उठून गवसणी वाशावरून काढली. "उद्या पहाटंच्या काकड्यापासून एक पहारा मोकळा हाय. मानूस न्हाई. तो तू घ्यायचा."

"उद्या मी पोरीबरूबर पुन्याला चाललोय. जीपमधी एका मोठ्या मानसाची जागा हाय. पिशवी मी उचलनार हाय."

"मग गवसनी ऱ्हाऊ दे."

हौसेराव काहीतरी कडक बोलणार होते. मैदानाच्या पलीकडे ऊन इमारतींमागं चाललं होतं. "दे हिकडं," ते म्हणाले.

सर नेरूळला अजून बसले होते. त्यांनी गवसणी आधी लांबूनच हुंगली, मग जवळून हुंगली, तेव्हा तिला कापूर आणि बुक्क्याचा वास येत होता. रायफल आत गेली, दस्ता भोपळ्याच्या जागी जाऊन बसला. सरांनी ती दोन्ही हातांनी हलवली. काही हललं नाही. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पिशवी," हौसेराव म्हणाले.

पहाटे काकडा झाला आणि जोतीरामांनी वीणा हौसेरावांच्या गळ्यात घातली. आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून ते उभे राहिले. इतक्या दिवसांनी तार बोटाला लागली आणि त्यांच्या मानेला वीणेचं वजन ओळखीचं वाटलं. ते नाम घेऊ लागले. मनातल्या मनात मात्र हिशेब चालू होता. गवसणीचं तोंड नीट बांधलं का? दस्त्यापाशी टॉवेल कोंबला का? जीपच्या टपावर तर नाही ना टाकणार? घरून निघताना त्यांनी प्रेमलाला सगळं सांगितलं होतं, आणि प्रेमला म्हणाली होती, "मी पेटीला टेकवनार न्हाई, तुमी निवांत हुबं ऱ्हावा." त्यांच्या जागेवर आता ती चालली होती. पुणं तिनं एसटीच्या खिडकीतून तेवढं बघितलं होतं.

उजाडताना मायलेकी मांडवात आल्या. जीप मैदानाच्या कोपऱ्यावर उभी होती आणि सर तिच्या दाराशी हात चोळत होते. ज्ञानेश्वरीच्या पाठीवर लाल गवसणी होती. वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायची रीत असते, तशी ती वाकली. बाप म्हणून वाकली की वीणा म्हणून, ते हौसेरावांना कळलं नाही. वाकताना गवसणी पुढं घसरली नाही, हे मात्र त्यांनी बघितलं.

ती उठून उभी राहिली, आणि त्यांना दिसलं की पट्टा डाव्या खांद्यावर आहे.

कपाळाची शीर उठली. त्यांनी तोंड उघडलं, पण तोंडात नाम होतं, आणि पहाऱ्यावर असताना दुसरा शब्द बोलायचा नाही. हात वीणेत अडकलेले. त्यांनी हनुवटीनं खूण केली, उजवीकडे, परत उजवीकडे. प्रेमलानं ती बघितली आणि पदर तोंडाला लावला. ज्ञानेश्वरीनंही बघितली. तिनं डाव्या खांद्यावरचा पट्टा जरासा वर ओढून सारखा केला, उजवा खांदा सैल सोडला आणि एकदा हळूच फिरवून दाखवला. तो मोकळा होता.

मग त्या दोघी जीपकडे गेल्या. हौसेराव मान वळवता येईल तेवढी वळवून बघत राहिले. गवसणी टपावर गेली नाही. ज्ञानेश्वरीनं ती आडवी करून मांडीवर घेतली, त्यांनी घेतली असती तशीच, रुंद बाजू आईकडे आणि निमुळती दाराकडे. फक्त दार लावताना प्रेमलानं ते जोरात आपटलं, आणि मांडवातल्या लोकांना दिसलं की नाम घेता घेता वीणेकऱ्यानं डोळे मिटून दात आवळले.